चोवीस गुरूंतले हरीण

श्रीदत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंवर आमच्याकडे दर दत्तजयंतीला प्रवचन होते. पृथ्वी, वायू, आकाश यांना भरपूर वेळ मिळतो. मधमाशीवर तर प्रवचनकार हमखास खुलतात, कारण साठवून ठेवण्याचा विषय श्रोत्यांच्या फार जवळचा. (मी बँकेतला माणूस, मला ते पटते.) हरिणाच्या वाट्याला मात्र दोन वाक्ये येतात. पारध्याने गाणे ऐकवले, हरीण भुलून उभे राहिले आणि जाळ्यात सापडले. तेव्हा माणसाने कानाच्या नादी लागू नये. एवढे सांगून बुवा पुढच्या गुरूकडे, म्हणजे माशाकडे वळतात.

मला ही दोन वाक्ये पुरत नाहीत, कारण मी कानाच्याच नादी लागलेला माणूस आहे. गाता येत नाही. पेटीवर बोट ठेवले तर घरातले दार लावून घेतात. पण ऐकण्याचे वेड लहानपणापासूनचे. शिरूरला, आमच्या तोंडी अजूनही घोडनदीच, घरी रेडिओ होता. सकाळी आर. एन. पराडकरांचे दत्तगीत लागले की वडील हातातला चहाचा कप खाली ठेवीत आणि गाणे संपेपर्यंत तो उचलीत नसत. चहा निवला तरी चालेल. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, दौंडला बदली झाली आणि सवाई गंधर्व महोत्सवाची चटक लागली. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव तेव्हा रात्रभर चाले. रमणबागेच्या मैदानावर रात्र काढायची, पहाटेची भैरवी ऐकायची, पुणे स्टेशनवरून मिळेल ती गाडी धरून दौंडपर्यंतच्या ७५ किलोमीटरांत जमेल तेवढी झोप घ्यायची आणि साडेदहाला काउंटरवर बसायचे. खातेदार विचारीत, "साहेब, डोळे आलेत का?"

आता सवाईचे दिवस म्हणजे डिसेंबर, बहुधा मार्गशीर्षच. घरात वडिलांचे गुरुचरित्राचे पारायण आणि मुलगा पुण्यात गाणे ऐकत बसलेला. वडील रागावले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "हरिणाला गुरू का केलं, ते वाच एकदा." मग वाचले. कारकुनाची सवयच ती, शेऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, मूळ व्हाउचर काढून पाहायचे.

चोवीस गुरूंची कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत आहे. यदुराजा विचारतो आणि अवधूत सांगतो. नाथमहाराजांनी त्यावर मराठीत टीका लिहिली आणि ती काशीला १५७३ साली पूर्ण केली. मुळात पाहिले तर हरिणाचा धडा वनात राहणाऱ्या यतीला सांगितलेला आहे, आणि ऐकू नये म्हटले आहे ते ग्राम्य गीत. संसार, नोकरी, हप्ते भरणाऱ्या माणसाचा तेथे उल्लेख नाही. उलट त्याच स्कंधाच्या सत्ताविसाव्या अध्यायात भगवंत उद्धवाला पूजा कशी करावी ते सांगतात, तेव्हा गावे आणि नाचावे असे स्पष्ट सांगतात. आणि नाथमहाराजांचे काय? ज्यांनी हरिणावर ओव्या लिहिल्या त्यांनीच गवळणी लिहिल्या, भारुडे लिहिली, वासुदेवाच्या, जोश्याच्या, गोंधळ्याच्या तोंडची गाणी लिहिली. रस्त्यावरचे, गावगाड्यातले गाणे त्यांना विटाळाचे वाटले नाही. दत्तभक्त जनार्दनस्वामींचा हा शिष्य. दत्ताची जी आरती आपण घरोघर म्हणतो, तीही त्यांचीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. चोवीसांत कानाशी संबंध असलेले गुरू एक नाही, तीन आहेत. दुसरा तो बाण करणारा कारागीर. बाण सरळ करण्यात तो इतका गढला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही. याचा अर्थ आम्हाला कॅश काउंटरवर कळला. नोटा मोजायची यंत्रे आली त्याआधी आम्ही शंभराची बंडले बोटांनी मोजत असू. बाहेरून वरात निघाली, बँडवाल्याने आवडते गाणे धरले आणि कान तिकडे गेला की मोजदाद परत पहिल्यापासून. आमचे हेड कॅशियर मात्र सनईला आणि बँडला दोघांनाही दाद देत नसत. त्यांना गाणे आवडत नव्हते असे नाही. संध्याकाळी हिशेब जुळला की स्वतःच शीळ घालीत.

तिसरी ती कुमारिका. घरी पाहुणे आले, मोठी माणसे बाहेर गेलेली, म्हणून ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. कांडण्याचा आवाज पाहुण्यांना गेला तर घराचे हलाखीचे दिवस उघडे पडतील, म्हणून तिने एकेक बांगडी काढली आणि प्रत्येक हातात एकच ठेवली. प्रवचनकार यातून एकांताचा महिमा सांगतात, मुळातही तेच आहे. मला तिचे वेगळेच कौतुक वाटते. आपल्या हाताचा आवाज पलीकडच्या खोलीतल्या माणसाला कसा लागेल, हे तिने त्याच्या कानाने ऐकले. हे आपल्याला जमत नाही. भजन आपले, म्हणून कर्णा आपला, म्हणून गल्ली आपली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. पण नियमाआधीच ती मुलगी शिकवून गेली होती. असो.

म्हणजे गाणे वाईट नाही, असे म्हणून मी सुटलो का? नाही. कारण गाणे चांगलेच करते, असेही म्हणता येत नाही. गुरुचरित्राचा सहावा अध्याय आठवा. रावण शंकरापुढे गायला बसतो. स्वतःचे शिर छेदून, शिरांच्या तारा करून वाद्य करतो आणि गातो. त्या अध्यायात स्वरांची, रागांची एवढी नावे येतात की पारायणाच्या ओघात जीभ अडखळते. त्या गाण्याने शंकर प्रसन्न झाले, आत्मलिंग दिले. गाण्याची याहून मोठी पावती कोणती? पण गाणारा रावणच राहिला. स्वर शुद्ध होता, हेतू होता तोच होता. सवाईच्या मंडपात ठुमरीला डोळे पुसणारी आणि बाहेर आल्यावर रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी हमरीतुमरीवर येणारी माणसे मी पाहिली आहेत. कान सुधारला म्हणून माणूस सुधारतोच असे नाही. संगीताने मन उदात्त होते वगैरे वाक्ये सत्काराच्या भाषणात ठीक असतात.

मग राहता राहिला तो 'ग्राम्य' शब्द. कोणते गाणे ग्राम्य आणि ते ठरवायचे कुणी? हा प्रश्न आमच्या घरात पोथीतून आला नाही, तो माझ्या मामांच्या रूपाने आला.

मामा भीमेकाठचे, दौंड तालुक्यातले. गावच्या भजनात पखवाज शिकले आणि विशीत एका तमाशाच्या फडाबरोबर ढोलकी घेऊन निघून गेले. माझे वडील घोडनदीच्या बाजारपेठेत आडतीवर मुनीम होते. सचोटीचे, कडक, मार्गशीर्षात सोवळ्याने सप्ताह करणारे. त्यांनी आईला एवढेच सांगितले, "तुझा भाऊ या उंबऱ्याच्या आत येणार नाही." ओरडले नाहीत की भांडले नाहीत. पण वडील असेपर्यंत तो शब्द आमच्या घरात पाळला गेला.

आई भावाला भेटायची ती केडगावला. केडगाव बेटात नारायण महाराजांचे दत्तमंदिर आहे. देवदर्शनाला जाते म्हटले की वडील नाही म्हणत नसत. कशासाठी जाते हे त्यांना ठाऊक असावे, असे मला आता वाटते. शिरूरहून एस.टी.ने न्हावऱ्यावरून, पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून चौफुला, तेथून केडगाव. मी बरोबर असे. फड त्या बाजूला असला तर भाऊबीज तेथेच व्हायची, मंदिराबाहेर झाडाच्या सावलीत. आई पिशवीतून निरांजन काढायची, वाऱ्याने ते विझायचे, मामा दोन्ही हातांचा आडोसा करायचे. ओवाळणीची नोट ते आधी कपाळाला लावून मग ताटात टाकीत.

एकदा असेच गेलो असताना मंदिरात भजन चालले होते आणि पखवाज वाजवणारे कच्चे होते. ठेका घसरत होता. मामा पायरीवर बसून मांडीवर बोटांनी वाजवीत होते, अगदी हळू. आई म्हणाली, "अरे, जा की आत. विचार त्यांना." मामा म्हणाले, "नगं अक्का. हितं वळखीची माणसं असत्यात. उगं कुणाच्या मनात यायचं, तमाशातला हात देवाच्या पखवाजाला लागला." आणि बोटे चालूच.

मी दहा-बारा वर्षांचा असेन. तो शब्द तेव्हा कळला नाही, पण 'देवाचा पखवाज' आणि 'तमाशातला हात' ही विभागणी मनात राहिली ती राहिलीच. हा पखवाज मामा देवळातच शिकले होते ना? हात तोच, बोल तेच. मधे काय बदलले?

पुढे माझी नोकरी दौंडला आली तोवर मामा थकले होते. फडाबरोबर गावोगाव हिंडणे होईना. चौफुल्याच्या बाजूला संगीत बारीची कला केंद्रे आहेत, तेथे ते ढोलकीला बसू लागले. पाहा, एका अंगाला केडगाव बेटातला दत्त आणि काही मैलांवर घुंगरांचा नाद. हरिणाची गोष्ट सांगणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणार नाही! त्या वाटेवर पारधीही असतील, हरिणेही असतील, मी नाही म्हणत नाही. उसाचे बिल हातात पडले की काही मंडळी तेथे किती उधळीत, ते आमच्या काउंटरवर दुसऱ्या दिवशी दिसे. त्यांच्या घरच्या बायका पासबुक घेऊन येत आणि आकडा पुन्हा पुन्हा विचारीत. त्यांच्यापुढे मी लावणीच्या कलेवर भाषण देऊ शकत नाही.

मामा खाते उघडायला आमच्या शाखेत आले. तेव्हा ओळख देणाऱ्या खातेदाराची सही लागे, ती मी केली. अर्जात व्यवसायाचा रकाना होता. मामा म्हणाले, "काय बी लिहू नको." मी 'वादक' असे लिहिले. त्यांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

त्या दिवशी चहा पिताना मी त्यांना धीर करून विचारले, "मामा, तिथलं गाणं ऐकून तुम्हाला काही वाटत नाही?" त्यांनी दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. "ढोलकीवाल्यानं गाणं कमी ऐकायचं, पाय ऐकायचे. पोरगी दमली का, टाच दुखती का, ते तिच्या आदी मला कळतं. मग मी लय आवरून घेतो. समोर बसलेल्यांना वाटतं, काय झोकात थांबवलं! तिला तेवढाच दम मिळतो."

मी पुष्कळ थोरांची गाणी ऐकली आहेत, पण 'ऐकणे' म्हणजे काय हे मला त्या टपरीवर कळले. हरणाला देवाने एवढे मोठे कान दिले ते कशासाठी? पाऊल ओळखण्यासाठीच ना? गाणे सुरू झाले आणि त्याने नेमकी पारध्याची पावले ऐकायची सोडली. गाणे ऐकले म्हणून ते सापडले नाही, बाकी सगळे ऐकू येईनासे झाले म्हणून सापडले. त्याच बारीत नोटा फेकणाऱ्याला फक्त गाणे ऐकू येत होते, घरच्या बाईचे पाऊल नव्हे, समोर नाचणारीचे तर नव्हेच. आणि ढोलकीवर बसलेल्या माझ्या मामांना पाय ऐकू येत होते. एका छपराखाली, एका गाण्यात. मग ग्राम्य काय होते, ते गाणे की त्यातले एक ऐकणे?

वडिलांचा मी अनादर करीत नाही. त्यांच्या काळात, त्यांच्या जागी बसून त्यांनी घर सांभाळले. मुलगा तिकडे वळू नये ही भीती त्यांना होती. पण संध्याकाळी आडतीवरून आल्यावर हात-पाय धुताना ते 'सौभद्र'मधली पदे गुणगुणत. १८८२ साली किर्लोस्करांनी ते नाटक आणले, तेव्हा त्यातल्या कितीतरी पदांना चाली कीर्तनातून, बायकांच्या गाण्यांतून आणि लावणीतून आलेल्या होत्या. लावणी नाटकाच्या दाराने आली ती आमच्या न्हाणीघरापर्यंत पोचली, ढोलकी घेऊन आलेला सख्खा मेहुणा मात्र उंबऱ्याबाहेर. ही रीत केवळ आमच्या घराची नाही. आमच्याच शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे. नृत्य-गायनात निपुण म्हणून जिची ख्याती, तिला पेशव्यांच्या घराने आपले म्हटले नाही. १७४० साली ती गेली, आणि आता लोक लांबून ती जागा पाहायला येतात. आणि कवठे येमाईचे बी. के. मोमीन यांनी तमाशाच्या फडांना वग आणि लावण्या लिहून दिल्या, त्याच हाताने भक्तिगीतेही लिहिली. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव दिला तेव्हा आमच्या भागात सगळ्यांना ते आपले वाटले. चांगलेच झाले. पुरस्कार आल्यावर आपले म्हणणे सोपे असते, एवढेच.

आता भागवताकडे पुन्हा येतो. आठव्या अध्यायात हरीण आहे, त्यानंतर मासा आहे आणि त्यानंतर कोण आहे? पिंगला. विदेहनगरीतली गणिका. सजून दारात उभी राहिली, आत-बाहेर करीत अर्धी रात्र गेली, कोणी आले नाही. आशा सोडली आणि शांत झोपली. अवधूताने तिला गुरू केले. हरिणाला दोन श्लोक आणि पिंगलेला वीसच्या वर, हा हिशेब मी मोजून सांगतो आहे. ज्या अवधूताने कानाला जपायला सांगितले त्यानेच गणिकेपुढे हात जोडले, आणि तेही लगोलग, एकाच अध्यायात. मला असे वाटते की हरिणाचा धडा ज्याचा त्याने स्वतःच्या कानासाठी घ्यायचा आहे आणि पिंगलेचा दुसऱ्याकडे पाहताना. वडिलांनी हरीण मामांना लावले. पिंगलेचे पान त्यांच्या पोथीत होते, गुळगुळीत झालेले, कारण वाचण्यात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

वडील गेल्यावर दहाव्याला मामा घोडनदीच्या काठावर आले आणि लांब उभे राहिले. तेराव्यानंतर आईने त्यांना हाताला धरून घरी आणले. ते ओटीवरच थांबले. "आत चल," आई म्हणाली. "दाजींची जागा हाय ती," म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. मग मला म्हणाले, "गुरुचरित्रात रावनाचं गानं हाय म्हनत्यात. वाचतोस का जरा?" मी वडिलांची पोथी काढून सहावा अध्याय वाचला. रागांची नावे आली तसे ते मान डोलवू लागले. काही नावे त्यांनी फडातल्या गवळणींवरून ओळखली, काही कधी ऐकलीच नव्हती. मधेच विचारले, "त्याला ठेका कुनी दिला आसंल रं?" हा प्रश्न मी नंतर दोन विद्वानांना विचारला. दोघेही हसले. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. एवढ्या मोठ्या गाण्याला कुणीतरी साथ केली असेलच की, आणि त्याचे नाव कोणी लिहिलेले नाही.

मामा पुढे तीन वर्षांनी गेले. त्यांच्या खात्यात अकराशे चाळीस रुपये आणि थोडे व्याज होते, ते आईच्या नावे निघाले. त्यातून आईने केडगावच्या देवाला नारळ वाहिला आणि उरलेले पैसे गावच्या भजनी मंडळाला पखवाजाच्या शाईसाठी पाठवले. कुणाचे पैसे ते तिने कळवले नाही.

आता मी निवृत्त होऊन दौंडला राहतो. सकाळी करुणात्रिपदी म्हणतो, संध्याकाळी गाणे ऐकतो, आणि पुण्याच्या गाडीत कुणी मोबाइलवर लावणी लावली तर आधी आवाज किती आहे ते पाहतो, गाणे कोणते ते नंतर. मंडळींनी यंदा दत्तजयंतीला चोवीस गुरूंपैकी काहींवर पंधरा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी हरीण आणि पिंगला घेतो म्हणालो. कार्यवाहांनी पिंगला वगळायला सांगितले, बायका-मुले समोर असतात म्हणून. मी कळवले आहे की दोघांना घेऊन बोलेन, नाहीतर माझी वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्यावी. हे लिहीपर्यंत त्यांचा निरोप आलेला नाही.